कुकरची तिसरी शिट्टी

"कशावरून?" हा आमच्या ऑफिसातल्या काकूंचा ठरलेला प्रश्न. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, भुवया उंचावून विचारायच्या. शिपाई म्हणायचा, "काकू, चहा आणलाय." काकू कपात डोकावून म्हणायच्या, "कशावरून?" चहा पाहता प्रश्न रास्त असायचा.

असं एखादं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमच्याकडे मात्र काकूंना या प्रश्नाचाच पगार मिळायचा. बाणेरला आम्ही चिपचे आराखडे करतो. चिप बनते परदेशातल्या कारखान्यात. आराखडा एकदा तिकडे गेला की खाडाखोड नाही. म्हणून त्याआधी त्यातल्या चुका हुडकायच्या, हे काकूंचं काम. जन्म सदाशिव पेठेत गेल्यामुळे त्यांना वेगळं प्रशिक्षण लागलं नाही.

मग तपासणीसाठी एआय आलं. पहिल्याच दिवशी त्यानं कळवलं, एकही चूक नाही. काकूंनी टाइप केलं, "कशावरून?" त्यानं माफी मागून एक चूक काढून दिली. काकूंनी पुन्हा तेच विचारलं. त्यानं पुन्हा माफी मागितली आणि ती चूक मागे घेतली.

"याला स्वतःचं मत नाही," काकू म्हणाल्या. "साहेब होणार हा."

साहेब मागेच उभे होते. काकूंना अलीकडे कमी ऐकू यायचं, त्यामुळे चाहूल लागली नसावी. निदान आम्ही तसं धरून चाललो.

श्रवणयंत्र त्यांनी कधीच ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. "त्यात भांडी आधी ऐकू येतात, माणसं नंतर," म्हणायच्या. एकदाच पुढचं बोलल्या. "नात पहिल्यांदा आजी म्हणाली, ते मला सुनेनं सांगितलं." मग बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मला फार वाईट वाटलं.

आम्ही तेव्हा श्रवणयंत्राचीच नवी चिप करत होतो. गोंगाटातून माणसाचा आवाज स्वतः ओळखून पुढे आणणारी. आराखडा शुक्रवारी जायचा होता आणि एआयनं हिरवा कंदील दाखवला होता. गुरुवारी काकू आपल्या स्वयंपाकघरातलं रेकॉर्डिंग घेऊन आल्या. त्यात कुकरची शिट्टी होती आणि लगेच सुनेचं बोलणं. ते चाचणीत घातलं, तर शिट्टी झाली की चिप गांगरायची आणि पुढचे चार शब्द गिळून टाकायची. रहदारी, वारा, वरातीचा बँड, सगळं आम्ही तपासलं होतं. कुकर कुणाला सुचला नव्हता. आम्ही सगळे आयता डबा खाणारे.

साहेब वैतागले. "अहो काकू, एका शिट्टीसाठी सगळं थांबवायचं? असा कितीदा लागतो कुकर?"

"तुम्ही कधी लावलाय?"

आराखडा थांबला. दुरुस्त होऊन तो गेला, त्याच महिन्यात काकू निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "काकू, तुमच्याशिवाय ऑफिस सुनं वाटेल." पुढचा शब्द आम्ही सगळ्यांनी एकदमच म्हटला.

चिप बनून, श्रवणयंत्रात बसून यायला वर्ष उलटलं. आल्यावर पहिल्या काही यंत्रांतलं एक काकूंच्या कानाला लागलं, असं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं. मी पेढे घेऊन घरी गेलो. सुनेनं दार उघडून नुसतं स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. काकू माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभ्या होत्या. कुकरची तिसरी शिट्टी झाली. ती विरते न विरते तोच मी उंबऱ्यावरून, अगदी हळू, पुटपुटलो, "चिप चालतेय वाटतं."

काकू वळल्या नाहीत. गॅस बंद करत म्हणाल्या, "कशावरून?"