हलक्या पावलाची मुलगी

आमच्या बाबांचं प्रत्येक वाक्य "मुद्दा काय आहे" असं सुरू होतं आणि मुद्दा सोडून सगळीकडे फिरून येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस त्यांच्या जुन्या मित्राकडे जायचं ठरलं, तेव्हा बसच्या पाच तासांत मी ते एकवीस वेळा ऐकलं. मोजलं, कारण दुसरा उद्योग नव्हता.

"मुद्दा काय आहे, असा कान मी दुसरा पाहिला नाही. आम्ही तेव्हा एका खोलीत राहायचो. जिन्यावर पाऊल वाजलं की हा डोळे मिटून सांगणार, घरमालक, आणि रागात आहे. किंवा, पाहुणा, नवे बूट, चावतायत. दार उघडावं तर पाहुणा लंगडत आत!"

"म्हणून त्याचं नाव कानसेन," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. लग्नाला सोळा वर्षं झाली की गोष्टींचे शेवट पाठ होतात.

आईच्या मांडीवर शेपूट होती. शेपूट म्हणजे माझी तीन वर्षांची बहीण. सतत कुणाच्या तरी मागे असते. मधला भाऊ सहा वर्षांचा आणि चारी बाजूंनी सारखा, म्हणून भोपळा. मी पंधरा वर्षांची, येणाऱ्याजाणाऱ्याची नक्कल करते, म्हणून पोपट. शेपटीच्या पायात आत्याने दिलेले लाल बूट होते. पाऊल टाकलं की त्यातून चूं व्हायचं. बसमध्ये तिने एक फेरी मारली तर ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन ब्रेक तपासले.

कानसेनकाका शिवणाची मशीन दुरुस्त करतात. खाली दुकान, वर घर, मध्ये लाकडी जिना. दुकानात मानेवरची सोनेरी नक्षी पुसट झालेली दहाबारा काळी मशीन, खिळ्यांना टांगलेले पट्टे, बिस्किटांच्या डब्यांत स्क्रू आणि बॉबिन. तेलाचा वास इतका जुना की बहुधा भिंतीतूनच येत असावा. आम्ही पोचलो तेव्हा काका दाराकडे पाठ करून एका मशीनच्या पोटात बघत होते. बाबांनी तोंडावर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं आणि शेपटीला पुढे सोडलं. त्यांना चमत्कार दाखवायचा होता.

चूं. चूं. चूं. चूं. शेपूट थेट काकांच्या स्टुलामागे जाऊन उभी राहिली. पाठ हलली नाही.

"किती तल्लीन होतो बघा," बाबा कौतुकाने कुजबुजले.

शेवटी तिने त्यांचा सदरा ओढला. काका दचकून वळले आणि त्यांचा चेहरा जो काय उजळला! मग मित्रामित्रांची गळाभेट, "जाडा झालास रे", "आणि तू टकला", काकूंची वरून हाक. काकांनी शेपटीला उचलून म्हटलं, "ही कधी आली मागे? किती हलक्या पावलाची मुलगी आहे!"

आई हसली. बाबा हसले. खाली आलेल्या काकूंना तो विनोद वाटला. मला नाही वाटला, कारण विनोद करताना माणूस समोरच्याचं हसू तपासतो आणि काकांनी तपासलं नाही.

पहिल्या दोन दिवसांत मी त्यांना पूर्ण उचललं. नक्कल करायला असा माणूस म्हणजे मेजवानीच. आधी बारा वर्षं ते कपड्यांच्या कारखान्यात होते. चाळीस मशीन एकदम चालायची, आणि हे दारातून सांगायचे, तिसऱ्या रांगेतलं पाचवं कण्हतंय. मग स्वतःचं दुकान. त्यांची एक ठरलेली पद्धत. मशीन आलं की लगेच उघडायचं नाही. आधी खाली कापड घालून चालवायचं, डोळे मिटायचे, तर्जनी वर करायची: "थांब जरा. ऐकू दे." मग डोळे उघडून नेमका एक स्क्रू. गिऱ्हाइकं म्हणायची, काकांनी डोळे मिटले की निम्मं काम झालं.

मी जेवताना तर्जनी वर करून म्हणायची, "थांब जरा. ऐकू दे. ही पोळी करपली आहे." भोपळा हसून हसून ठसका लावून घ्यायचा. काकूंच्या डोळ्यांत पाणी. "अगदी हेच! म्हणजे कसं सांगते, फक्त हल्ली तेवढं चटकन होत नाही हो. अर्ध्या तासाचं काम, दोन दोन दिवस घेऊन बसतात. वय झालं." काका मान खाली घालून जेवत होते आणि हसत होते, सगळे हसल्यानंतर, थोडं उशिरा.

चौथ्या दिवशी सकाळी शिवणवाल्या बाई आल्या. शाळा उघडण्याआधी त्यांना गणवेशांचा ढीग पुरा करायचा होता. त्यांनी मशीन टेबलावर ठेवलं आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

"काका, तिसऱ्यांदा आणलंय. सुई बदललीत, तेल घातलंत, टाका सुटतोच आहे. आणि ते टिंग टिंग. डोकं उठतं माझं."

"बघतो ना बाई."

"बघा. पण राग मानू नका, उद्या सकाळपर्यंत नाही झालं तर मी चौकातल्याकडे नेते. गल्लीतल्या सगळ्या मलाच विचारतात, कुठे दाखवू म्हणून. मी काय सांगू?"

त्यांनी चाक फिरवलं. काकांनी डोळे मिटले, तर्जनी वर. मी पाय हलवत पायरीवर बसले होते. खडखडखड, आणि मध्येच काचेला टाचणी लागल्यासारखं बारीक टिंग. स्वच्छ ऐकू येत होतं. काकांनी डोळे उघडले आणि मशीनकडे न बघता बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. उत्तरपत्रिका कोरी असली की आपण शेजारच्याकडे बघतो ना, अगदी तसं. ती नजर मी गणिताच्या पेपरला स्वतः वापरलेली आहे.

बाई गेल्या. मला नवा आवाज मिळाला की तो तोंडात घोळवल्याशिवाय राहवत नाही. मी आपली सुरू झाले, "खडखडखड-टुंग. खडखडखड-टुंग." बारीक काढला तर घसा खाजतो, म्हणून जाडा काढला.

काकांचा हात थांबला. "काय केलंस?"

"सॉरी काका, उगाच."

"सॉरी नको. परत कर." मी केलं. "हे तुझ्या पदरचं की यात आहे?"

"यातच आहे. फक्त ते बारीक वाजतं."

काका मशीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला येत नाही ऐकू."

माझे हलणारे पाय थांबले. असं माझ्या बाबतीत फारसं होत नाही.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "जाडे आवाज येतात. बारीक कुठे गळून पडले कळलंच नाही. म्हणून आता प्रत्येक मशीन पूर्ण खोलतो. सुई हरवली म्हणून अख्खं घर झाडावं, तसं."

"काकूंना माहीत नाही?"

"तिला वाटतं मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. त्याची तिला सवय आहे. सगळेच नवरे करतात." थोडा वेळ त्यांनी स्क्रू बोटांत फिरवला. "तुझ्या बाबाला सांगू नकोस. नाव त्याने ठेवलंय."

मग आम्ही दोघांनी मिळून ते मशीन ऐकलं. मी चाक फिरवायचं, आवाज तोंडाने जाडा करून सांगायचा; त्यांनी डोळे मिटायचे.

"सुई खाली जाताना वाजतं की वर येताना?"

"वर यायला लागली की लगेच. खडखड-टुंग."

"मग सुईचा दोष नाही. खालचं शटल दोरा उचलतं ना, त्या क्षणाला वाजतंय." त्यांनी शटल बाहेर काढलं, त्याच्या टोकावरून अंगठ्याचं नख हळूच ओढलं आणि माझं बोट धरून तिथे टेकवलं. डोळ्याला काही दिसत नव्हतं, नखाला मात्र एक कुसळ लागलं. कधीतरी सुई आपटून टोक खरवडलं होतं. बारीक पॉलिश पेपरने त्यांनी ते घासलं, पुन्हा नख, पुन्हा पेपर. मशीन लावलं, मी फिरवलं. नुसतं खडखडखड.

"गेलं?" त्यांनी विचारलं. दुकानातल्या माणसाने पायरीवरच्या मुलीला विचारलं.

"गेलं काका."

हे सगळं इथेच छान संपलं असतं. पण बाबांचा मुद्दा राहिला होता.

संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी टाळी वाजवली. "चला! आज जुना खेळ. कानसेन जिन्याच्या वर खुर्चीत बसणार, डोळे मिटणार. एकेकाने खालून यायचं. मुद्दा काय आहे, मुलांना कळू दे कान म्हणजे काय!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, नको ना. काका दमलेत."

"डोळे मिटून बसायला कसली दमणूक?"

मी धावत जाऊन ते लाल बूट काकूंच्या तांदळाच्या डब्यामागे टाकले. शेपटीने असा गळा काढला की शेजारचे दारात आले. आईने बूट शोधले, घातले आणि माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही.

पहिला भोपळा आला, दोन दोन पायऱ्या, धाड धाड. "भोपळा!" काका म्हणाले. भोपळा खूश. मग काकू. "ही आमचीच. दर तिसऱ्या पायरीला गुडघ्याशी बोलते." सगळे हसले. बाबा तर असे बसले होते, की जणू काकांचा कान त्यांनीच घडवला आहे.

मग शेपूट. ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवते. चूं चूं. थांब. चूं चूं. थांब. भोपळ्याने तोंडात रुमाल कोंबला. चूं चूं. काका डोळे मिटून, किंचित हसत, वाट बघत बसलेले. ती वर आली, त्यांच्या गुडघ्याशी उभी राहिली.

"पाठवा ना पुढचा," काका म्हणाले.

कुणी हसलं नाही. काकूंचा हात तोंडावर गेला. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच होतं, फक्त आतून कुणीतरी उठून गेल्यासारखं.

मला राहवलं नाही. मी आजारी बेडकाच्या आवाजात काढलं, "चूंऽऽ."

"शेपूट!" काका लगेच म्हणाले.

बाबांनी जोरात टाळी वाजवली, एकच. "बघितलंत?"

"मी कधीचीच आलेय," शेपूट म्हणाली.

काकांनी डोळे उघडले. तिला उचलून मांडीवर घेतलं, तिचा एक बूट हातात धरून दाबला, कानाशी नेऊन पुन्हा दाबला. मग बाबांना म्हणाले, "मी नाही ओळखलं रे. पोपटाने सांगितलं. बारीक आवाज येतच नाहीत आता. वर्ष झालं."

बाबा उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "मुद्दा काय आहे," म्हणाले आणि थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य पुढे गेलं नाही. मग एकदम उसळले, "गाढवा! म्हणजे चार दिवस मी तुझ्याशी जिवाभावाचं बोलतोय, ते?"

"निम्मं ऐकलं," काका म्हणाले. "तुझं पहिल्यापासून निम्मंच ऐकण्यासारखं असतं."

काकू आधी हसल्या आणि मग रडल्या. "म्हणजे कसं सांगते, मी वर्षभर वेड्यासारखी भांडले हो. उत्तर देत नाहीत म्हणून."

"भांडण ऐकू येत होतं," काका म्हणाले. "ते जाडं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणवाल्या बाई आल्या. मशीन चालवून बघितलं, टाका बघितला, उलट बाजूने बघितला. काकांनी त्यांना सगळं सांगून टाकलं. बहुधा एकदा तोंड उघडल्यावर बंद करायचं राहून गेलं.

"अहो मग आधी बोलायचं ना!" बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मला वाटलं हात गेला. कान काय, आणता येतो."

त्याच दुपारी बाबा त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोघं भांडतच परत आले. तपासणीत आवाज आला की बटण दाबायचं असतं; ते कधी दाबायचं हे बाबा मधूनमधून सुचवत होते म्हणे, शेवटी डॉक्टरांनी बाबांनाच बाहेर बसवलं. यंत्र वापरून बघायला तीन दिवसांनी मिळणार होतं. तोवर काकांनी नवी पद्धत काढली. गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, "आवाज कसा येतो ते तोंडाने करून दाखवा. जाड्या आवाजात." बायाबापड्या आधी लाजायच्या, मग एकमेकींना दुरुस्त करायच्या. "अगं तुझं तसं नाही वाजत, खर्रर वाजतं!" काकू वरून ओरडायच्या, "दुकान आहे की कोंबड्यांचं खुराडं?" मला तर स्वर्ग.

आठव्या दिवशी निघालो. बस अकराची. बाबा सव्वादहापासूनच "चला, चला" करत होते. काका दुकानात उभे होते, कानामागे नुकतंच मिळालेलं वाटाण्याएवढं यंत्र, चेहरा नवीन चष्मा लागलेल्या मुलासारखा. शेपूट जिन्यावरून उतरू लागली. चूं चूं. थांब. चूं चूं.

काका गर्रकन वळले. "अरे देवा! हे काय आहे?"

"बूट," भोपळा म्हणाला.

"हे आठ दिवस चालू होतं?"

"रात्री काढायचो," आई म्हणाली.

"आणि मी हिला हलक्या पावलाची म्हणालो!" शेपूट शेवटच्या पायरीवर पोचली. काकांनी तर्जनी वर केली. "थांब जरा. ऐकू दे. परत वर जा बाळ, आणि परत ये."

बाबांनी घड्याळ पाहिलं. मग बॅग खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि बसले.