बांगड्यांवर कस्टर्ड

मालवणच्या स्टँडवर एस.टी. सुटेपर्यंत आईने खिडकीचा गज सोडला नाही. लग्नाला आठवडा झाला होता, मी मुलुंडला सासरी निघाले होते. सासूशी कसं वाग, नवऱ्याशी कसं बोल, काही नाही. एवढंच म्हणाली, "माशांवर दूध घेव नको गो, कोड येता."

मुलुंडला मला सगळ्याचीच भीती वाटायची. गॅसची, शेजारणींच्या भराभर बोलण्याची, आणि सर्वांत जास्त माझी नणंद सुनंदा हिने हौसेने आणलेल्या विजेच्या गोल ओव्हनची. सासूबाई बजावायच्या, "रबरी चपला घालूनच हात लाव हां." एका रविवारी धीर करून मी पुडिंग केलं. तळाला सफरचंद-केळ्याच्या फोडी, वर कस्टर्ड, त्यावर बिस्किटांचा चुरा. झाकणाच्या काचेतून ते फुगताना मी जीव मुठीत धरून बघत होते. सुनंदाने गरमागरम दोन वाट्या चापल्या.

"झकास झालंय गं वहिनी," म्हणत तिने चमचा चाटला आणि मला एकदम आईचं बोलणं आठवलं. दुपारी आम्ही बांगडे खाल्ले होते. पिवळ्या पावडरीच्या नादात यात दूध आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि पुढच्या रविवारी सुनंदाला बघायला पाहुणे येणार होते.

माझी झोपच उडाली. रोज चोरून तिचे हात, मान न्याहाळायचे. गुरुवारी दिसला. गालावर, टिकलीएवढा पांढरा डाग. पोरीच्या जन्माचं मी वाटोळं केलं, असंच वाटलं. रडत सासूबाईंना सांगितलं. आता माहेरी धाडतील, अशी खात्रीच होती. पण त्या मटकन खाली बसल्या.

"माझ्या आईनेही हेच सांगितलेलं गं," म्हणाल्या आणि माझा हात धरला.

मग सुनंदाला ट्यूबलाइटखाली उभं केलं. सासूबाईंनी ओल्या पदराने गाल चोळला आणि डाग पदरावर आला.

"आई, मुरुमावर टूथपेस्ट लावलीय ना, पुसतेस काय?"

गावाकडची माणसं विचारतात, मुंबईत घरच्यासारखं कधी वाटायला लागलं? मला वाटतं, त्या गुरुवारी. माझ्याइतकंच घाबरणारं कुणीतरी तिथे होतं.

पुढे आई मुलुंडला आली, तेव्हा विचारलं, स्टँडवर तेवढंच का सांगितलंस? ती म्हणाली, "गाडी सुटत होती. भियान दुसरा काय सुचलाच नाय."

परवा माझी लेक परदेशी निघाली. विमानतळावर तिला सांगायचं खूप ठरवून गेले होते. ती आत शिरताना तोंडून निघालं ते एवढंच, माशांवर दूध घेऊ नकोस गं.