मूठ पडली की उठायचं नाही

आमची मोठी आई घरात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडत नसे, हे मी कौतुकानं सांगत नाही. ठाण्यात तक्रार नोंदवावी तसं सांगतो आहे. सकाळी नऊच्या सुमारास ती गोरसीसमोर बसायची. गोरसी म्हणजे मातीचं पसरट भांडं, त्यात गोवऱ्यांचे निखारे आणि वरून राइस मिलचा भुसा. त्यावर काळी हंडी. मग मोठी आई मान वर करून अंगणात, ओट्यावर, आतल्या खोलीत कोण कोण आहे ते बघायची आणि माणशी एक मूठ सालाची उडीद डाळ हंडीत टाकायची. शेवटची मूठ टाकून झाली की जाहीर करायची, "पडली मूठ." त्यानंतर कोणी उठायचं नाही. डाळ शिजायला पाच तास लागत. ज्याच्या नावाची मूठ पडली, तो पाच तास आमचा कैदी.

एक विमा एजंट बापूंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, एका सहीसाठी नऊ वाजता आला होता. तो अडीचला सुटला. तेवढ्या वेळात त्यानं पेपर दोनदा वाचला, लसूण सोलला आणि बायकोशी का पटत नाही तेही सांगून टाकलं. मध्ये एकदा घाबरत म्हणाला, "घरी एक फोन करू काय, माय?" मोठी आई म्हणाली, "कर नं. सांग, मूठ पडली." पुढच्या वेळी तो शहाणा होऊन दुपारी चारला आला. त्या दिवशी नेमकी हंडी उशिरा चढली होती.

आमच्या कामठा गावाच्या आभाळात जवळच्या बिरसी विमानतळावरची शिकाऊ विमानं सारखी गोल गोल फिरत असतात. मोठी आई हातातल्या चिमट्यानं ती दाखवायची. "बघ, पोट्टं कवापासून घिरट्या घालून राहिलं. उतरायले भिऊन राहिलं. खाली आलं तर मूठ पडन त्याची!"

ती माझ्या मोठ्या वडिलांची बायको. ते लवकर गेले. मी दहावीत असताना माझी आईही गेली आणि स्वयंपाकघर आपोआप मोठ्या आईकडे आलं. "आपोआप" हा शब्द मी पन्नाशीपर्यंत अगदी निर्धास्तपणे वापरला. तिला कोणी विचारलं होतं का, हे मला माहीत नाही. मी तरी विचारलं नव्हतं.

मोठ्या आईची धाकटी बहीण, सुमनमावशी, देवरीला एकटी राहते. दोघींमध्ये दोन बस आणि अर्ध्या दिवसाचं अंतर. सुमनमावशीचा दर महिन्याला फोन यायचा आणि एकच बोलणं व्हायचं. "कवा येतं मग?" तिकडून. "येतो नं वं. हंडी उतरली की येतो," इकडून. मोठ्या आईची पिशवीसुद्धा भरलेली असायची, दोन लुगडी आणि मावशीसाठी मोहरीची पुडी. मोहरी जुनी झाली की ती बदलायची. पिशवी मात्र जागची हलत नसे. असं किती वर्षं चाललं ते मोजायला मला आज लाज वाटते. बहिणीच्या घरी चार दिवस राहून यावं, एवढीच तिची इच्छा होती आणि ती आम्हा सगळ्यांना पाठ होती. आम्ही तिच्यावर विनोद करत असू.

न जाण्याचं कारण गोरसी. निखारा अर्ध्या तासानं हलवावा लागतो. राख काढली नाही तर विझतो, भुसा जास्त पडला तर भडकतो. मोठी आई म्हणायची, "ह्याले एकटं सोडलं तर हे विझते, नाहीतर जळते. तुमच्यावानीच हाय हे." आम्ही हसायचो आणि वाटी पुढे करायचो. मी गावच्या नाटकांत दर दिवाळीनंतर खलनायक व्हायचो, मिशी लावून नायिकेला कोंडून ठेवायचो आणि टाळ्या घ्यायचो. घरी येऊन मोठ्या आईच्या हातची डाळ खायचो. दोन्हींचा काही संबंध आहे, असं मनात कधी आलं नाही.

माझी बायको वैशाली हिनं लग्नानंतर प्रेशर कुकर आणला. मोठ्या आईनं एकदाच त्याची शिट्टी ऐकली. "ही काय फलाटावरची गाडी हाय काय? शिट्टी ऐकून माणसं पळतात, जेवत नाहीत." आणि खरं सांगतो, कुकरची डाळ आम्हालाही नको होती. बापूंनी एक घास खाऊन ताट असं सरकवलं, की जणू त्यांचा अपमान झाला. कुकर माळ्यावर गेला. मोठी आई गोरसीपुढे परत बसली.

मग गुडघ्यांनी तिला दगा दिला. धुरानं खोकलाही सुरू झाला. तेव्हा मी मोबाइलवर बघून विजेवर तासन्‌तास मंद शिजवणारा स्लो कुकर मागवला. "मोठ्या आईला मी मोकळं करतो आहे," असं मी गावभर सांगितलं, पानठेल्यावर तर हात उंचावून सांगितलं. आतली गोष्ट अशी की तिला काही झालं तर डाळीचं काय, ही काळजी मला जास्त होती.

मोठी आई त्या यंत्राभोवती एक चक्कर मारून आली. "धूर नाही, निखारा नाही. मंग हे शिजते कोनाच्या रागानं?" पण चार दिवसांत तिनं त्याला वळण लावलं. धुतलेली डाळ, आख्खा लसूण, दोन मिरच्या, हळद, वरून गरम पाणी. बटण दाबायचं आणि विसरायचं. शेवटी लाल मिरचीची फोडणी. चव? नव्वद टक्के तीच. उरलेले दहा टक्के धुराचे होते, ते बापू रोज बोलून दाखवत.

पाचव्या दिवशी तिनं सकाळी मुठी टाकल्या, बटण दाबलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "बाबू, मले गोंदियाच्या बसपर्यंत सोड. देवरीले जाऊन राहिली मी. दोन वाजता डाळ होईन. कोनी झाकण उघडू नका." मी तिला गाडीवरून सोडलं. बस हलली तेव्हा तिनं खिडकीतून हात केला नाही; दोन्ही हातांनी पिशवी धरून ती समोर बघत बसली होती, शाळेत पहिल्या दिवशी पोरं बसतात तशी.

आता आमचा गुन्हा ऐका. झाकण काचेचं होतं, पण वाफेनं धुकट झालेलं. आतलं दिसेना. हंडीच्या काळात झाकणाला हात लावला की मोठ्या आईचा चिमटा बोटांवर बसायचा, म्हणून आम्ही कधी हात लावला नव्हता. पण हात का लावायचा नाही, हे कोणाला ठाऊक होतं? बापूंनी उघडून पाहिलं. मी उघडून पाहिलं. "मशीनची डाळ" बघायला शेजारी आले, मी त्यांना यजमानाच्या थाटात उघडून दाखवलं. वैशाली शाळेत शिकवून आली, तिनं पळीनं ढवळून पाहिलं. दर वेळी वाफ भसकन बाहेर. दोन वाजले, डाळ दाताखाली कच्च! बापू भुकेनं येरझाऱ्या घालायला लागले. "वहिनीले फोन लाव," ते म्हणाले.

आणि मी लावला. बस देवरीच्या वाटेवर आमगावला थांबली होती. "मोठी आई, शिजलीच नाही गं. करू काय? बापूंनी सकाळपासून काही खाल्लं नाही." तिकडून बसच्या इंजिनचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "थांबा. येतो."

मी "नको, तू जा" म्हणायला हवं होतं. एवढी वाक्यं पाठ करणारा माणूस मी, हे एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

ती पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. मधल्या वेळात कोणी झाकण उघडलं नव्हतं, कारण आम्ही बिस्किटं खाऊन निजलो होतो. मोठी आई तशीच आत गेली, झाकण उचललं, बोटानं दाणा दाबला. लोण्यासारखा दबला. "झाली नं," ती म्हणाली. फोडणी दिली, ताटं वाढली. स्वतः उंबऱ्यावर बसून राहिली, पायांत चपला तशाच. डाळ फार सुंदर झाली होती. आम्ही सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

त्यानंतर तिनं देवरीचं नाव काढलं नाही. मुठी मात्र तिनं माझ्याकडून टाकवून घ्यायला सुरुवात केली. पाणी किती, मिरची कोणती, फोडणी केव्हा. मी चुकलो की हातावर पळी बसायची. मला वाटलं, म्हातारीचा वेळ जातो.

दिवाळीच्या आधी एका सकाळी उठलो तर ती घरात नव्हती. पिशवीही नव्हती. मी नाटकी हसून बापूंना म्हटलं, "काही काळजी नाही, मी शिकलोय." मुठी टाकल्या, बटण दाबलं. तेवढ्यात मिठाची शंका आली, म्हणून तिला फोन लावला. रिंग वाजली. आमच्याच घरात. तांदळाच्या कोठीवर तिचा फोन पडलेला होता, मिठाच्या बरणीला टेकवून.

चार दिवस गेले, पंधरा गेले, महिना झाला. बापू डाळ खात होते आणि रस्त्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "जा, वहिनीले घेऊन ये. अन् नीट बोल." मी गाडी ठरवून देवरीला गेलो.

दोघी बहिणी दारात खुर्च्या टाकून बसल्या होत्या. मध्ये कागदावर हायवेच्या ठेल्यावरचा आलुबोंडा आणि भजी. चूल थंड. सुमनमावशी म्हणाली, "आम्ही दोघीही रांधत नाही गा रोज. आज ठेला, उद्या खिचडी. बस, भजी घे." मी बसलो नाही. उभं राहून मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण केलं. बापूंचं वय, घराची कळा, आईनंतर तूच आमची आई. आवाज कुठे कापवायचा ते मला माहीत आहे, तिथे कापवला. एका ठिकाणी तो आपला आपणच कापला.

मोठ्या आईनं शेवटपर्यंत ऐकलं. बोटांना लागलेलं तेल पदराला पुसलं.

"डाळ शिजते काय आता?"

"शिजते."

"मंग मी कायले येऊ, बाबू?"

ती रागावलेली नव्हती. राग असता तर मी तो घालवला असता, ते मला येतं. ती म्हणाली, "तुमच्या घरी मी लोकायले बसवून ठेवत होती नं, ते हौसेनं नाही. एकटीनं पाच तास गोरसीपाशी बसवत नव्हतं मले. कोनी तरी सोबत अडकलेलं पाहिजे होतं. आता नाही पाहिजे." मग मावशीकडे वळून म्हणाली, "चाल वं, बाजार उठून जाईन." दोघी उठल्या, कुलूप लावलं आणि रस्त्यानं निघून गेल्या. मी गाडीवाल्याला म्हटलं, चल.

बापू ओट्यावर वाट बघत होते. गाडीतून मी एकटाच उतरलो, तसे म्हणाले, "काऊन रे? तू नीट बोलला नसशीन."

"मी नेहमीसारखंच बोललो, बापू," मी म्हटलं. "नीट ती बोलली."