धुतलेली पोती

सेतूराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी तंजावरात दुकानात गोणपाट मोजत होतो. पळणीच्या डोंगरातल्या कॉफीवाल्यांच्या सोसायटीतून चिटणीस सेल्वी बोलत होती. "अय्या, तुम्ही त्यांचे मित्र ना?" "होतो," म्हटलं आणि फोन ठेवला. अंत्यविधी वरच झाला. मी गेलो नाही.

राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही एकत्र वाढलो. मी चौथीत शाळा सोडून पोती विकायला बसलो. तो शिकला आणि डोंगरातल्या त्या सोसायटीत कॉफीचा माल तपासायला गेला. एकदा वर जाऊन त्याचं काम पाहिलं. टेबलावर ओळीनं कप, प्रत्येकात एकेका शेतकऱ्याची कॉफी. हा चमच्यानं सुर्रकन ओढायचा आणि थुंकायचा! मी म्हटलं, "तंजावरात जन्मून कॉफी थुंकतोस? लाज वाटत नाही?" म्हणाला, "सगळी गिळली तर दहाव्या कपाला तुझं गोणपाटही गोड लागेल, व्यंकू."

त्या वर्षी सोसायटीचा सेंद्रिय माल पहिल्यांदा परदेशी जायचा होता. तीन वर्षं त्या माणसांनी झाडाला मूठभर रासायनिक खत घातलं नव्हतं, पीक निम्म्यावर आलं तरी. ऐनवेळी पोती कमी पडली. सेतूनं मला सांगितलं, नवी पाठव. आमच्याकडे भाताची सुगी, नवं एक पोतं शिल्लक नाही. पण नाही म्हणायचं माझ्या जिभेला वळण नाही. भाताची जुनी पोती कालव्यात तीनदा धुतली, उन्हात कडक वाळवली आणि धाडली. "स्वच्छ आहेत," एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं... असं मी इतकी वर्षं म्हणत आलो.

पोती भरून आठवडा झाल्यावर तो बसनं खाली आला. गिऱ्हाइकांसमोर एक पोतं माझ्या नाकाशी धरलं.

"हुंग."

"तीनदा धुतलंय रे!"

"भातावर मारायचं औषध आहे. धुऊन जात नाही ते. माल सेंद्रिय राहिला नाही."

"मग पोती बदल आणि गप्प बस. तिकडचा गोरा इथं हुंगायला येणार आहे?"

"सोसायटीच्या नोंदवहीत लिहून झालं."

मला वाटलं, माझं नाव लिहिलं. साऱ्या डोंगरात माझ्या दुकानाची अब्रू घालवली. "परत ही पायरी चढू नकोस," म्हटलं. तो पोतं उचलून गेला. तो माल साध्या कॉफीत विकला गेला. खरं लिहिल्यामुळे सोसायटीचं सेंद्रियचं प्रमाणपत्र मात्र टिकलं. आम्ही आठ वर्षं बोललो नाही.

महिन्यानं सेल्वीचा पुन्हा फोन. सेतूसाठी सभा ठेवली होती. मी भडकलो. "ज्यानं माझ्या पोत्यांना नावं ठेवली, त्याच्या सभेला मी येऊ?"

तिनं विचारलं, "अय्या, ती पोती तुमची होती?"

दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरली. चव बघायच्या त्याच खोलीत सेल्वीनं नोंदवही काढली आणि वाचली: 'पोती मी न तपासता घेतली. चूक माझी.' खाली त्याची सही. माझं नाव कुठंच नाही.

"यात माझं नाव घाल," मी म्हटलं.

"जुन्या पानाला हात लावता येत नाही, अय्या. सेतूसरांनीच शिकवलंय."

"मग आजच्या पानावर लिही."

तिनं लिहिलं: पोती तंजावरच्या व्यंकटरावांची, भाताला वापरलेली. स्वच्छ आहेत असं त्यांनीच सांगितलं. मी सही केली. माझी सही मोठी, दोन ओळी खाते. तोवर सभेला माणसं जमली होती. सेल्वीनं ते पान सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

मग मळ्यातली एक म्हातारी उठली. "अय्या, त्या मालात माझी तीन वर्षं होती. सेतू दर महिन्याला मळा बघायला यायचा. दोन वर्षं मी त्याला घरात घेतलं नाही. कॉफीही विचारली नाही. उन्हात, दारातच उभा राहायचा. पोती तुमची होती हे कधी बोलला नाही."

मी एवढंच म्हटलं, "आई, आता मला दारात उभं कर."

टेबलाशी त्याचं स्टूल रिकामं होतं. म्हातारीनं ते पदरानं पुसलं, माझ्याकडे सरकवलं, बस म्हणाली. सभा संपेपर्यंत मी उभाच राहिलो.