उरले अठ्ठेचाळीस

गेल्या हिवाळ्यात माझा जप चालू होता आणि श्रद्धा बंद पडली होती. हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला आधी माहीत नव्हतं. वडिलांनी दिलेला तेरा अक्षरी राममंत्र, रोज पाच माळा, आणि माळा झाल्या की वहीत पाच रेघा. साताऱ्याकडून नोकरीसाठी उत्तरेत आलो तेव्हापासून हा नेम सुटलेला नाही. त्या हिवाळ्यातही वहीत रेघा पूर्ण होत्या. आत मात्र काही नव्हतं. पहाटे तीनला जाग यायची ती परत झोप लागायची नाही. जेवताना घास मोजल्यासारखा खायचो. लखनौला इंदिरा नगरात आमच्या आसपास चांगले शेजारी आहेत, पण कोणी जिन्यात दिसलं तर मी बुटाची नाडी बांधत थांबायचो, ते पुढे जाईपर्यंत.

वैशाली, माझी पत्नी, म्हणाली, डॉक्टरांना दाखवू. मी तिला सांगितलं की रक्तदाब एकशे सव्वीसवर ब्याऐंशी आहे, साखर बरोबर आहे, डॉक्टरांना दाखवायचं काय? मुलगी इथेच वाढली, मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते. ती रोज संध्याकाळी विचारायची, "बाबा, आज भी चुप?" मी म्हणायचो, काम आहे. काम नव्हतं. हे इथे स्पष्ट लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

माझी नोकरी घराघरांत जाऊन माहिती गोळा करणाऱ्या सरकारी कार्यालयात आहे. गावातली कोणती घरं पाहायची हे आम्ही ठरवत नाही. यादी करून चिठ्ठी काढावी तसे आकडे काढतो, आणि ज्या घराचा आकडा निघेल तिथेच जावं लागतं. ते घर अडचणीचं आहे म्हणून शेजारचं घेता येत नाही. घर खरोखरच बंद असेल तर बदलता येतं, पण आधी वरिष्ठाने पडताळणी करायची असते. मलिहाबादच्या पुढे आमराईतल्या एका गावात असं एक घर निघालं होतं. आमचा कर्मचारी दोनदा जाऊन आला, दोन्ही वेळा दार बंद, हाकेला उत्तर नाही. त्याने तसं प्रामाणिकपणे लिहिलं. वरिष्ठ मीच, कचेरीत बसून सही केली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं. पाहणीचा शेवटचा दिवस होता आणि पहाटेपासून दाट धुकं. वैशाली म्हणाली, "एवढ्या धुक्यात जाऊ नका हो." पण पडताळणी न करता सही करणं मला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर घरात कोणी माझा चेहरा वाचण्यापेक्षा धुकं बरं वाटत होतं. घाईत तीनच माळा झाल्या. गोमुखी पिशवीही माळेसकट घरीच राहिली.

गावात पोचलो तेव्हा दहा वाजले होते, तरी समोरचं आंब्याचं झाड नुसतं सावलीसारखं दिसत होतं. घराच्या दाराला कुलूप नव्हतं. कडी आतून होती. मी दार ठोठावलं. "अम्मा, सर्वे वाले हैं. घर गिनने आए हैं." आतून एकदा खोकल्याचा आवाज आला, बस. समोरच्या घरातून एक बाई डोक्यावरचा पदर सावरत आली. तिचं नाव शांती.

"उनसे क्या पूछिएगा साहब? रामरती काकी हैं. पगला गई हैं. साल भर से किसी से बोलती नहीं."

मी विचारलं, खाण्यापिण्याचं कोण बघतं?

"लड़का सूरत में है. दूध हम रख देते हैं सवेरे, चौखट पर. लोटा खाली मिलता था."  मग हळू आवाजात म्हणाली, "दो दिन से भरा का भरा मिल रहा है."

उंबऱ्याशी लोटा होता. दुधावर साय धरली होती. ते पाहून माझ्या लक्षात आलं की इथे प्रश्न माझ्या फॉर्मचा नाही. आमचे चालक मिश्राजी म्हणाले, "साहब, प्रधान जी को बुला लाते हैं. दरवाज़ा तोड़ना पड़ेगा." ते आणि शांती प्रधानांना, म्हणजे गावच्या सरपंचांना, आणायला निघाले. मी दारापाशी ओट्यावर बसलो.

बंद दाराशी काय बोलावं, मला सुचेना. मराठीत सुचत नव्हतं, हिंदीत कुठून सुचणार? महिनोन्‌महिने मी स्वतःच आतून कडी लावून बसलो होतो. हात रिकामा होता, दोन माळा राहिल्या होत्या, म्हणून बोटांच्या पेरांवर मोजायला लागलो. चार बोटांची बारा पेरं, असे नऊ फेरे झाले की एकशे आठ. भक्तीने नाही, उरलेलं उरकायचं म्हणून. थंडीने दात वाजत होते, त्यामुळे नाम जरा मोठ्यानेच निघत असावं. पाच फेरे झाले तेव्हा दाराच्या अगदी मागून आवाज आला.

"कितना भवा, भइया?"

मी दचकून म्हणालो, "साठ."

 मग, "तो अड़तालीस बचा. पूरा करि लेव. बीच में न छोड़ो."

जिला गाव वेडी म्हणत होतं तिने ही वजाबाकी माझ्याआधी केली होती. मी पुढे म्हणू लागलो. वर्षानुवर्षं जप केला, पण कोणी ऐकतंय आणि पूर्ण व्हायची वाट बघतंय, असं पहिल्यांदाच झालं. शेवटच्या दोन फेऱ्यांना दारामागून दुसरा आवाज मिसळला, घोगरा, बरेच दिवस न वापरलेला. एकशे आठ झाले आणि कडी पडली.

सत्तरीची बाई, अंगावर रजई, पाय थरथरत होते. खोलीत एका टोपलीत पितळेचे छोटे ठाकुरजी, म्हणजे बाळकृष्ण, त्यांना विणलेली लोकरीची टोपी. तिला खाटेवर बसवलं. माझ्या पिशवीत वैशालीने दिलेला पराठा होता, तो पुढे केला. तिने आधी एक तुकडा टोपलीपुढे ठेवला, मग स्वतः खाल्ला. ती जेवली हे पाहिल्यावरच मी फॉर्म काढला.

"घर में कितने लोग हैं, अम्मा?"

"दो."

"दूसरा कौन?"

तिने टोपलीकडे बोट केलं. मी तिला नियम समजावला: जो इथेच राहतो आणि याच चुलीवरचं खातो, तो घरातला.

"तो यहीं रहते हैं," ती म्हणाली. "हमसे पहले खाते हैं. हमारे लड़के की तरह सूरत नहीं गए. तुम्हारा लड़का भी जाएगा."

"मेरी लड़की है, अम्मा."

"तो वो जाएगी."

मला हसू आलं. खरंच हसू, आवाजासकट. शेवटचा कधी हसलो होतो ते आठवेना. फॉर्ममध्ये मी 'एक'च लिहिलं आणि तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, लिही, तुझी नोकरी आहे.

मग तिने सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. मंगळवारच्या बायकांच्या कीर्तनात तिला रडू फुटायचं, थांबायचं नाही. एकदा शांती सगळ्यांसमोर म्हणाली, "रोज-रोज रोना है तो अपने घर रोओ." त्या दिवसापासून ती घरीच रडली. मग रडणंही संपलं, मग भूक. त्या सकाळी तिने ठाकुरजींना म्हटलं होतं, जगणाऱ्यांत मी नाही, गेलेल्यांत नाही, माझी मोजदाद कुठे आहे ते सांग. आणि मग दारात कोणीतरी म्हणालं, घर मोजायला आलोय. "सरकार का तो रोज कोई आता है," ती म्हणाली, "इसलिए नहीं खोला. फिर नाम सुना."

मी याची पडताळणी करू शकत नाही. तिने हे सांगितलं ते मी आल्यानंतर. मला एवढंच ठाऊक आहे की त्या घराचा आकडा मी स्वतः काढला होता आणि त्यात कोणाची मर्जी चालत नाही. यापुढे मी काही म्हणत नाही.

ती माझ्याकडे बघत होती. "और तुम? तुम किससे बोलते हो?"

जे बायकोला सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी म्हातारीला सांगितलं. तीन वाजताची जाग, घास, बुटाची नाडी, सगळं.  एवढ्यात मिश्राजी, प्रधान आणि एक पहार असे तिघे दारात हजर झाले. उघडं दार पाहून प्रधानांनी पहार पाठीमागे लपवली. शांती उंबऱ्याबाहेरच उभी होती, डोळ्यांना पदर लावून.

"अब खड़ी क्या हो?" अम्मा म्हणाली. "दूध गरम करि लाव. साहब भी पिएँगे."

पुढचं काम देवाने माणसांवर सोपवलं. मिश्राजींनी मुलाला फोन लावून दिला, तो आठवड्यात येऊन गेला. गावातल्या आशा कार्यकर्तीने अम्माला सरकारी दवाखान्यात नेलं. मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की गोळ्यांइतकीच सोबत लागेल. शांतीने मंगळवारचं कीर्तन अम्माच्या अंगणात आणलं. आता सुरू करण्याआधी डोकी मोजतात. जी आली नसेल तिच्या घरी दोघी जातात, दार उघडेपर्यंत थांबतात, आणि कोणी रडली तर तिला रडू देतात. मोजायचं काम अम्माकडे आहे.

मी घरी येऊन वैशालीला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "उद्याच जाऊ." डॉक्टरांना मी म्हणालो, "आकडे नीट आहेत, मी नीट नाही." त्यांना हे वाक्य नवीन नसावं. झोप एकदम आली नाही, पण आली. इतकी वर्षं मला वाटायचं की मी नाम मोजून देवाकडे जमा करतोय. शरण जाणं म्हणजे त्याच्या मोजणीत आपणही आहोत हे मान्य करणं, आणि त्याने पाठवलेल्या माणसाला दार उघडणं, एवढं मला कळलं. कधी आपण दाराच्या आत असतो, कधी बाहेर. ज्याने त्या दिवशी मला दोन्हीकडे बसवलं, त्याचे उपकार वहीत मावणार नाहीत. ती वही मी आता ठेवत नाही. जप करतो.

आंब्याला मोहोर आला तेव्हा एका मंगळवारी वैशालीला घेऊन गेलो. अंगण भरलं होतं, दार सताड उघडं होतं. मला पाहताच अम्माने लांबूनच विचारलं, "कितना भवा, भइया?"

"गिना नहीं, अम्मा."

"अच्छा किया. बैठो, हम गिन लिए." तिने आम्हा दोघांवरून बोट फिरवलं. "उन्नीस." मग टोपलीकडे पाहून म्हणाली, "बीस."

या वेळी मी दुरुस्त केलं नाही.