शुक्रवारचे तीन प्रश्न

इस्माईल चाचा गेल्याचं बाबांनी नाश्त्याच्या टेबलावर सांगितलं. आईने हातातला चहा खाली ठेवला आणि पहिलंच विचारलं, "पोरीला कळवलं का?" कुठल्या पोरीला, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात राहणारी त्यांची मुलगी, नसीमा. आमच्यापैकी कोणीही तिला कधी पाहिलेलं नव्हतं. चाचा पहाटे व्हॅन धुवायला खाली उतरले होते, तिथेच कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत खलास. दफनही रियाधमध्येच झालं. मी कॉलेजच्या सुट्टीत पुण्याहून आई-बाबांकडे आले होते. दोनच दिवसांपूर्वी चाचांनी जिन्यात मला गाठून विचारलं होतं, "काय गो, पुण्यात जाऊन डोका गंजला नाय ना?" मी नेहमीसारखी नुसती हसले होते. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं... पण माझ्या बाबतीत ते नेहमी नंतरच वाटतं.

मी आठवीत असताना चाचा आमच्या शाळेच्या मुलींची व्हॅन चालवायचे. आई त्याच शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवायची, त्यामुळे तीही व्हॅनमध्ये असायची, मधल्या सीटवर, मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन. आमचं घर सगळ्यात लांब. बाकीच्या मुली उतरल्या की आम्ही तिघंच उरायचो. बुधवारी आई वाटेतल्या दुकानात भाजी घ्यायची, आणि दर बुधवारी हमखास, आई दाराशी पोचते न पोचते तोच असरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, बांग व्हायची आणि दुकानाचं शटर खाली यायचं. तिथे राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. नमाज होऊन शटर पुन्हा वर जाईपर्यंत सगळं शहर आपापल्या गाडीत बसून वाट बघतं. चाचा एसी चालू ठेवायचे, टोपी चढवायचे, आणि मशिदीकडे निघताना खिडकीतून आत वाकून एक कोडं टाकून जायचे. "इचार करा. आलो मी." परत आले की सीटवर आडवे वळून बसायचे आणि म्हणायचे, "हां, इचारा आता." त्यांचा नियम असा, की आपण प्रश्न विचारायचे आणि ते फक्त हो किंवा नाही म्हणणार. थेट उत्तर सांगायला बंदी. "उत्तर काय, कोण पण ठोकून देतो. नीट इचारता येयला पायजे."

आई विचारायची. मी खिडकीबाहेर बघत ऐकायचे. घरी आई-बाबा मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तरं द्यायचे, तीही एका शब्दाची. शाळेत वर्गात हात वर करायची वेळ आली की मी पुढच्या मुलीच्या पाठीआड सरकायचे. "हिच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दात काढण्यासारखं आहे," असं आई चाचांसमोरच म्हणायची. चाचा आरशातून माझ्याकडे बघून म्हणायचे, "नाय बाई, ती साठवते हाय. एक दिवस व्याजासकट काढील." एका बुधवारी आई वह्या तपासता तपासता पेंगली, आणि चाचा परत येऊन वळून बसले तर प्रश्न विचारायला कोणीच नव्हतं. ते वाट बघत राहिले. शेवटी मी कोड्यातल्या माणसाबद्दल विचारलं, "इज द मॅन अलाइव्ह?" चाचा म्हणाले, "मला इंग्रजी येत नाय." नंतर मला कळलं की त्यांना ते पुष्कळ येत होतं. मी तोच प्रश्न मराठीत विचारला. ते म्हणाले, "हो." त्या एका 'हो'ने मला काय झालं ते सांगता येणार नाही... मी आणखी अकरा प्रश्न विचारले.

ही कोडी खरं तर नसीमासाठी असायची. गावात तेव्हा मोबाईल पोचला नव्हता. घरातही फोन नव्हता. मोहल्ल्यातल्या दुकानात एक फोन होता, त्यावर चाचा शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की फोन लावायचे. आमचे साडेबारा म्हणजे तिकडचे तीन. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर जाणाऱ्या बापाने फोनवर मुलीशी काय बोलायचं? "बरी हाय?" "हाय." "अभ्यास करतेस?" "करते." त्यापुढे दोघंही गप्प. मग त्यांनी एका शुक्रवारी कोडं घातलं आणि सांगितलं, उत्तर पुढच्या शुक्रवारी. "आता आठवडाभर ती माज्यावर वैतागते," ते आईला आनंदाने सांगत होते. "वैतागते म्हंजे आठवण काढतेच ना?" ती माझ्याहून एक वर्षाने लहान. आधी व्हॅनमध्ये आमच्यावर कोडं तपासायचं आणि मग तिला पाठवायचं, अशी त्यांची पद्धत होती. कोडी संपत आली तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, "तू बनव की एक."

मी एक बनवलं. अजूनही वाटतं की चांगलं होतं. 'भर उन्हाळ्यात एका माणसाला गार पाण्याने आंघोळ करायची आहे. म्हणून तो गरम पाण्याचा नळ सोडतो. का?' रियाधमधल्या कुठल्याही मुलाला हे सांगता येईल. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की गार पाण्याच्या नळाला उकळतं पाणी येतं. म्हणून मे महिन्यात आम्ही गिझर बंद करतो. एसीच्या गारव्यात गिझरमध्ये साठून राहिलेलं पाणी थंड होतं, आणि ते गरम पाण्याच्या नळातून येतं. चाचा खूश झाले. म्हणाले, "हा माज्या बापाला पण सुटायचा नाय." आणि त्यांनी ते शुक्रवारी नसीमाला घातलं.

गावी त्यांच्या घरी विहीर होती. गिझर ही वस्तू नसीमाने पाहिलेली नव्हती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही, आणि नवल म्हणजे चाचांच्याही आलं नाही. तिने ते कोडं सगळ्यांना विचारलं. वर्गात बाईंना विचारलं, तर पोरं हसली. आठवड्याने चाचांनी उत्तर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, हे तुमच्या घरातलं कोडं आहे. आमच्या घरातलं नाही." आणि रिसीव्हर तिच्या आईच्या हातात दिला. पुढच्या शुक्रवारी ती फोनवर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

हे चाचांनी आम्हाला व्हॅनमध्ये सांगितलं, रस्त्यावरची नजर न काढता. आई म्हणाली, "लहान आहे, विसरेल." चाचा म्हणाले, "बाई, तिचा बरोबर हाय. मी हिसाब केला. ती जन्मल्यापासून मी सगळा मिळून अकरा महिने घरी होतो." त्या बुधवारी त्यांनी कोडं घातलं नाही. नमाजाहून आले आणि सरळ समोर बघत बसले. "आता फोन पण लागत नाय धड," ते मधेच म्हणाले. "आधी पहिल्या झटक्यात लागायचा. रूमवाले जळायचे माज्यावर. त्याच गावात लावणारे आणखी चौघे हायेत, त्यांना तासभर एंगेज. माजा मात्र टक्‌कन. आता मी पण तासभर घुमवतो. लागला की तिची आई सांगते, येत नाय ती."

कोडं माझं होतं. मी आईला सांगितलं नाही, पण दोन दिवस मला जेवण गेलं नाही. माझ्यामुळे एका माणसाची मुलगी त्याच्याशी बोलेनाशी झाली होती. माफी मागायची तर कोणाची? मी तिला ओळखतही नव्हते. शनिवारी शाळेत जाताना, बाकीच्या मुली चढायच्या आधी, मी पाठ करून ठेवलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. "चाचा, तिला सांगा, आता कोडं तू घाल." त्यांनी आरशात बघितलं. "मग काय होयल?" "जो कोडं घालतो, त्याला हो-नाही सांगायला फोनवर यावं लागतं ना..." सिग्नल हिरवा झाला होता, मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता, तरी चाचा हलेनात. आई म्हणाली, "अहो, यल्ला, चला!"

नसीमाने तिच्या आईकरवी फोनवर कोडं पाठवलं. 'अब्बांचा फोन तीन वाजता येतो. दुकान घरापासून पाच मिनिटांवर. मी दीड वाजता निघते. वाटेत थांबत नाही. का?' आणि अट घातली, शुक्रवारी फक्त तीन प्रश्न.

पुढचे काही बुधवार आम्ही तिघं शटरसमोर बसून प्रश्न तयार करायचो. कुठले तीन पाठवायचे यावर आई आणि चाचा चक्क भांडायचे. पहिल्या शुक्रवारी विचारलं, ऊन टाळायला लवकर निघतेस? नाही. दुकानात कोणी मैत्रीण भेटते? नाही. तिथे काही काम करतेस? यावर ती म्हणे हसली, आणि म्हणाली, "हो पण आणि नाही पण." ती हसली, एवढंच चाचा दिवसभर प्रत्येकाला सांगत होते. दुसऱ्या आठवड्यासाठी मी एक प्रश्न दिला, 'अब्बांचा फोन येणार नसेल, तरी तू दीडलाच निघशील?' उत्तर आलं, नाही. आई म्हणाली, म्हणजे फोनची ओढ आहे, दुसरं काय. पण ओढ असेल तर पावणेतीनला निघाली तरी चालतं. दीडच का?

पुढच्या शुक्रवारी बाबांबरोबर आम्ही बथ्याच्या बाजारात किराण्यासाठी गेलो होतो. गाडी सिग्नलला थांबली. फुटपाथवर फोनच्या केबिनपुढे माणसांची रांग होती. पन्नास-साठ जण असतील. सगळे जुम्याहून आलेले, स्वच्छ कपडे, प्रत्येकाच्या हातात कार्ड. जो आत होता तो पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होता, कान लावत होता, ठेवत होता. मला एकदम वाटलं, इथे एवढी रांग आहे, तर त्या टोकाला काय असेल? त्या गावातल्या सगळ्याच मुलांचे बाप शुक्रवारी फोन करत असणार. आणि फोन एकच... चाचांचा फोन पहिल्या झटक्यात लागायचा. नसीमा रुसली तेव्हा तो तासभर लागत नव्हता.

शनिवारी मी चाचांना प्रश्न सांगितला. उत्तर नाही, प्रश्नच. 'फोन अडू नये म्हणून तू तिथे राखण बसतेस का?' त्यांनी तो कागदावर लिहून घेतला, घडी केली, खिशात ठेवली आणि आठवडाभर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढच्या शनिवारी व्हॅन आमच्या दारात आली तेव्हा ते नेहमीसारखे "चला चला" म्हणाले नाहीत. आई बसली, मी बसले. गाडी निघाली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हो म्हणाली." मग आणखी थोड्या वेळाने... "पुरुषमाणसं जुम्याला गेली की जाऊन फोनपाशी स्टुलावर बसते. कोणाचा आला तर सांगते, लवकर आटपा, माज्या अब्बांचा यायचा हाय. दुकानवाला ओरडतो, तरी बसते. तीन वरसं." त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. "आणि मला वाटला, माजा नशीब."

त्यानंतर ती प्रत्येक शुक्रवारी फोनवर आली. कधी कोडं तिचं, कधी त्यांचं. मी बारावी होऊन पुण्याला गेले तरी आईकडून मला बातम्या कळायच्या, की सध्या कुठलं कोडं चाललं आहे. गावात मोबाईल आले, दुकानातला फोन बंद पडला, पण तीन प्रश्नांची अट तशीच राहिली.

चाचा गेल्यावर बाराव्या-तेराव्या दिवशी बाबांच्या मोबाईलवर फोन आला. बाबांनी ऐकलं आणि माझ्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, "तुम्ही सई ना? गिझरवाली?" चाचांनी तेव्हा कोडं आपलंच म्हणून सांगितलं होतं. माझं नाव तिला त्यांनी फार उशिरा, गेल्या सुट्टीत सांगितलं. ती डी.एड. करते आहे. म्हणाली, "मी पहिल्यांदा गिझर पाहिला ना, रत्नागिरीला मामूकडे, तेव्हा दोन्ही नळ सोडून बघितले. अब्बा खरंच बोलत होते का म्हणून." आणि हसली. मीही हसले. दोघींपैकी फोन कोणीच ठेवला नाही. शेवटी ती म्हणाली, "त्यांची बॅग कोणाबरोबर पाठवता येईल का?"

गेल्या आठवड्यात ती बॅग आणायला मी बाबांबरोबर गेले. चाचा सहाजणांत एक खोली घेऊन राहायचे. तशा इमारतीत बायकांनी वर जायचं नसतं, म्हणून मी गाडीतच थांबले. बाबा बॅग घेऊन खाली आले तेव्हा त्यांच्यामागून चौघे जण उतरले. बॅग डिकीत ठेवली, तरी ते गेले नाहीत. त्यातले शमीमभाई, बिहारचे, वयाने चाचांएवढे, माझ्या खिडकीपासून दोन पावलं दूर, नजर खाली ठेवून उभे राहिले. हातात वहीचा फाडलेला कागद. "बिटिया, इस्माईल भाई कहते थे, फँस जाओ तो सई से पूछ लेना।" मला काही कळेना. बाबा म्हणाले, "अगं, त्यांच्या खोलीत आता सगळेच खेळतात. प्रत्येकाचं आपापल्या घरी एकेक कोडं चालू आहे."

मी काच खाली केली. आधी अर्धी, मग पूर्ण. शमीमभाईंनी कागद वाचला. त्यांच्या मुलाचं कोडं होतं. गावातला एक माणूस रोज दोनदा नदी ओलांडतो. होडी नाही, पूल नाही, पोहता येत नाही. "तीन जुमे हो गए। जादू नहीं है, जानवर पर नहीं बैठता, किसी के कंधे पर नहीं जाता। सब पूछ लिया।"

चार अनोळखी माणसं माझ्या बोलण्याची वाट बघत होती. मी म्हणाले, "आपने ये पूछा... कि महीना गर्मी का है क्या?"

शमीमभाईंनी मान वर केली. दुसऱ्या एकाच्या लक्षात आलं असावं, तो हसायला लागला, "अरे, तब नदी में पानी तो..." शमीमभाईंनी झटकन हात वर करून त्याला थांबवलं. कागद भिंतीवर धरून त्यांनी माझा प्रश्न जपून, एकेक अक्षर गिरवत लिहिला. त्याच्या वर त्यांनी आधीच दोन साधे, उगाचचे प्रश्न लिहून ठेवलेले मला दिसले. माझा तिसरा.

"आप भी मत बताइएगा, बिटिया," ते म्हणाले. "दो-एक जुमे और चलने दीजिए।"