तारेतला ‘व्हेरी’

देवळाली प्रवरेजवळच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायचो आणि वहीत ‘व्हेरी’ दिसला की माझं डोकं फिरायचं. गाय ‘व्हेरी गुड’, बैल ‘व्हेरी गुड’, देशही ‘व्हेरी गुड’! लाल शाईनं सगळे उडवायचो. पोरांना सांगायचो, हा शब्द मूळचा जुन्या फ्रेंचमधला, तिथं त्याचा अर्थ ‘खरा’. इंग्रजीत आला तेव्हाही खराच होता. पुढं लोकांनी वापरून वापरून त्याचा नुसता ‘लई’ करून टाकला. खरं असेल तिथंच लिहा. फार शहाणा होतो मी.

गावातल्या इंग्रजी तारा मीच लिहून द्यायचो. बाहत्तरच्या उन्हाळ्यात शेजारचा म्हातारा आला. त्याचा एकुलता मुलगा फौजेत, लांब सरहद्दीवर. म्हाताऱ्याची बायको आठ दिवस तापानं पडलेली. फौजेतल्या पोराला बोलवायचं तर साध्या दुखण्यालाही ‘मदर व्हेरी सीरियस’ लिहायचं, हा आमच्याकडचा रिवाजच. त्याशिवाय साहेब रजा देत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हाताऱ्यानं तेच मागितलं. पण मी आदल्या दिवशीच म्हातारीला बघून आलो होतो. उठून बसली होती, चहा घेऊन जा म्हणाली होती. मी म्हाताऱ्याला झापलं, खोटं लिहिणार नाही म्हणालो आणि ‘मदर इल’ एवढंच लिहिलं. मास्तरापुढं तो बिचारा काय बोलणार? कागद घेऊन गेला.

रजा मिळाली नाही. पाचव्या दिवशी म्हातारी गेली. शेवटचे दोन दिवस अंगणात कुणाचं पाऊल वाजलं की ती पोराला हाक मारायची. माझ्या पावलालाही तिनं हाक मारली. आजही मला माझीच चीड येते.

तिला माती देऊन म्हातारा सरळ माझ्या ओट्यावर आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी ‘मदर एक्सपायर्ड’ लिहिलं, वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. त्यानं हात जोडले.

“मास्तर, ह्या खेपेला तरी त्यो ‘व्हेरी’ शब्द घाला. दहाव्याला तरी सोडतील पोराला.”

गेलेल्या माणसाला तो लागत नाही, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगू? मी तो घातला आणि सायकल काढून स्वतःच राहुरीला गेलो. तारबाबूनं त्या शब्दाखाली बोट ठेवलं, हे चुकलंय म्हणाला.

“असू द्या,” मी म्हणालो. “तसंच पाठवा.”